ब्रेक के बाद... भामरागड!

पुण्या-मुंबईतल्या आयटी पार्कच्या बेसमेंटमध्ये थार किती आणि त्यातल्या चिखल पाहिलेल्या किती, असा सर्व्हे कुणीतरी करायलाच हवा. माझ्या नागपूरच्या मित्राची थार मात्र चिखलवाल्या गटातली. २०२० मध्ये आलेल्या नव्या मॉडेलची. पठ्ठ्याने तिचं पुढचं इंडिपेंडंट सस्पेन्शन काढून जुन्या जीपचा सॉलिड ॲक्सल टाकलाय. फंडा सिंपल आहे : एक चाक दगडावर चढलं की त्याच ॲक्सलचं दुसरं चाक खाली दाबलं जातं, त्यामुळे नाल्यातही टायर जमीन सहसा सोडत नाहीत. लुक तर विचारूच नका! फक्त डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा कायम पेटलेला. एबीएसचा.

‘जंगलात कशाला हवंय ते?’ हे त्याचं उत्तर. ऑक्टोबरचा लाँग वीकेंड होता. निघालो.

नागपूरहून चंद्रपूर दीडशेक किलोमीटर, पुढे मोहर्ली तीसेक. ताडोबात त्याचं म्हणणं पटतंसुद्धा. आपली गाडी गेटबाहेर आणि आपण सफारीच्या जिप्सीत. जिप्सीला पुढे-मागे सॉलिड ॲक्सल, खाली पाटे. एबीएस तिला कधीच नव्हतं. २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं, पण जंगलात तिचा रुबाब अजून कायम आहे. वेग जेमतेम सायकलचा. शिवाय सुट्या मुरमावर लॉक झालेलं चाक स्वतःपुढे मातीचा ढीग करतं आणि गाडी लवकर थांबते. एबीएस तिथे उलट जास्त अंतर खाऊ शकतं. (वाघ? दिसला. पाठमोरा.)

पण भामरागड म्हणजे ताडोबा नव्हे. गोंडपिपरी, मग आष्टीजवळ वैनगंगा ओलांडायची आणि आलापल्लीकडे. यातला बहुतेक प्रवास डांबरावरचा. आष्टी सोडलं तेव्हा दिवेलागण झाली होती, नुकती सर येऊन गेलेली. वळण संपलं आणि समोर घरी परतणारी गुरं. मित्राने ब्रेकवर पाय दाबला, पुढची चाकं लॉक झाली. त्याने स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं, पण गाडी सरळच घसरत राहिली. एका वासरापासून हातभर अंतरावर थांबली. गुराख्याने आमच्याकडे नुसतं बघितलं. आलापल्लीपर्यंत गाडीत गाणी बंद!

लॉक झालेलं चाक दिशा घेत नाही, सगळी गोष्ट एवढीच आहे. एबीएस सेकंदाला कित्येकदा ब्रेक सोडून-धरून चाक फिरतं ठेवतं, म्हणून ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता येते.

सकाळी आलापल्लीच्या एका मिस्त्रींनी चाकाखाली डोकं घालून निकाल दिला, ‘‘भाऊ, चाक किती फिरून रायलं हे सांगणारी रिंगच नाही या हबवर. मंग कम्प्युटर काय करन?’’

खरी गंमत पुढे आहे. नव्या थारमध्ये हवेत गरगरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसऱ्या चाकाकडे पाठवायची सोय असते. तीही याच सेन्सरवर चालते. गाडी उलटू नये म्हणून असलेलं ईएसपीसुद्धा. म्हणजे ऑफ-रोडिंगसाठी ॲक्सल बदलला आणि ऑफ-रोडिंगचीच मदत घालवली! जाणकार लोक नव्या हबवर तेवढ्याच दातांची रिंग आणि सेन्सर नेमक्या अंतरावर बसवून घेतात. खर्च आहे, कटकट आहे. ते जमत नसेल तर ॲक्सलला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत.

कायद्याचं म्हणाल, तर एप्रिल २०१९ पासून प्रत्येक नव्या कारला एबीएस सक्तीचं आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असे बदल करू देत नाही आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. विम्याच्या क्लेमचं काय होईल ते वेगळंच.

आलापल्ली ते भामरागड साठेक किलोमीटर. आम्ही चाळिशीच्या वर गेलो नाही. दोन्ही बाजूंना सागवान, मध्येच हेमलकसा, जिथे १९७३ पासून लोकबिरादरी प्रकल्प उभा आहे. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकत्र येतात, पलीकडे छत्तीसगड. नदीकडे उतरणाऱ्या खडबडीत वाटेवर त्या सॉलिड ॲक्सलने काय कमाल केली! मित्र मात्र खाली उतरून मोबाइलला रेंज शोधत होता. रिंगचे दात किती, हे त्याला नागपूरच्या गॅरेजला विचारायचं होतं.