माझ्या वतीने कोण बोलणार?

समाधिमरणाविषयी आपल्या घरांत मोकळेपणाने बोलले जाते. प्रवचनांतून तो शब्द लहानपणापासून कानांवर पडतो. परंतु शुद्ध हरपून अतिदक्षता विभागात पडून राहावे लागले, तर आपल्या वतीने कोणी बोलावे, हा प्रश्न आपण सहसा उच्चारत नाही.

माझ्या थोरल्या जाऊबाईंवर ती वेळ आली. पन्नास वर्षे त्यांनी सूर्यास्तानंतर पाणीही घेतले नव्हते. शेवटचे एकोणीस दिवस त्यांच्या नाकातील नळीवाटे रात्रीही आहार जात राहिला. तिन्ही मुलगे आईवर जीव टाकणारे. एकाला श्वसनयंत्र काढावेसे वाटे, दुसऱ्याला तो विचारही पाप वाटे, तिसरा गप्प. डॉक्टर विचारीत, "निर्णय कोण घेणार?" आणि तिघे एकमेकांकडे पाहत.

सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. तेव्हा त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागत असे. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ती अट गेली. आता दोन साक्षीदारांच्या सह्या आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरते. त्यात आपल्या वतीने संमती देणाऱ्या एक वा अधिक व्यक्तींची नावे लिहायची. मात्र त्यांच्या एकट्याच्या शब्दावर उपचार थांबत नाहीत. दोन वैद्यकीय मंडळांचे मत त्यास अनुकूल असावे लागते. आणि शुद्ध असेपर्यंत शब्द आपलाच.

याला कोणी सल्लेखना समजू नये. सल्लेखना हे जाणीवपूर्वक स्वीकारलेले व्रत. २०१५ साली राजस्थान उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवले आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालास स्थगिती दिली, तो वाद निराळा. हा कागद जाणीव उरलेली नसतानाचा आहे.

मी पहिले नाव मुलाचे लिहिले नाही. माझ्या साध्या तापानेही तो कासावीस होतो. सुनेचे लिहिले, तिने आपल्या वडिलांचे अखेरचे आजारपण निश्चल मनाने निभावले आहे. मुलाचा चेहरा उतरला. "आई, मी असताना?"

"तू असशीलच. म्हणूनच हा भार तुझ्यावर नको."

दुसरे नाव त्याचे घातले. कायद्याची त्याला मुभा आहे, आणि घरात शांतताही हवी!

सूनबाई मात्र वही घेऊन बसली. "आई, रक्त गोठू नये म्हणून देतात ते हेपारिन डुकराच्या आतड्यांपासून काढतात. तुम्हाला चालेल?" मी बराच वेळ विचार केला. बरे होण्याची आशा असेल तर पर्याय आहे का ते आधी विचार, नसेल तर देऊ दे, असे सांगितले. आशा नसेल तर रात्रीचा आहार नको. असे बारकावे इच्छापत्रात मावत नाहीत. ते माणसालाच सांगून ठेवावे लागतात.

इच्छापत्राच्या प्रती तिच्याकडे, आमच्या डॉक्टरांकडे आणि महापालिकेच्या नियुक्त अधिकाऱ्याकडे आहेत. वही तिच्या कपाटात आहे. "व्हेंटिलेटर किती दिवस?" या प्रश्नापुढचा आकडा मी तिला पेन्सिलीने लिहायला सांगितला आहे.