पिकअपला टायर घेताना

भालकी तालुक्यातल्या आमच्या गावात पिकअप रिकामी उभी असलेली फारशी दिसत नाही. मूग-उडीद निघाले की उदगीरच्या अडतीवर खेप जाते, मागोमाग सोयाबीन लातूरला. भाजी आणि आलं असेल तर रात्री निघून पहाटेच्या आत हैदराबादचं बोवनपल्ली मार्केट गाठायचं. परतताना खत मिळालं तर खत, सिमेंट मिळालं तर सिमेंट, कधी कलबुर्गीकडून शहाबादी फरशी. गाडीचा नंबर केए ३९ चा, पण तिचं निम्मं आयुष्य महाराष्ट्र आणि तेलंगणाच्या रस्त्यांवर जातं. अशा गाडीचे टायर बदलायचे म्हणजे घरात चार दिवस तोच विषय असतो.

सरकारने २०२५-२६ च्या हंगामाला तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये धरला होता. पिकअपच्या एका चांगल्या टायरला जवळपास तेवढाच पैसा लागत होता, म्हणजे चार चाकांना चार क्विंटल तूर. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे दिवाळीच्या आसपास घेणं परवडेल असं दिसत होतं. शिवाय गाडीचं पासिंग जवळ आलं होतं. माल वाहणाऱ्या गाडीला पहिली आठ वर्षं दोन वर्षांतून एकदा आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस करून घ्यावं लागतं, आणि तिथे गोटा झालेले टायर कोणी पास करत नाही. टायरच्या खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे दिलेले असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. आमच्या मागच्या दोन टायरांचे उंचवटे केव्हाच उघडे पडले होते.

गावात ज्याला विचारावं तो आधी कंपनीचं नाव सांगतो. कोणी एमआरएफशिवाय दुसरं नाव घेत नाही, कोणाला अपोलो हवा, कोणी सिएटचं किंवा जेकेचं गुणगान करतो. प्रत्येकाचा अनुभव खरा असतो, पण त्या अनुभवामागे त्याची गाडी, त्याचा माल आणि त्याचा रस्ता असतो. शाळेच्या मुलांची ने-आण करणाऱ्या जीपवाल्याचा टायर चार वर्षं टिकला, म्हणून तो माझ्या गाडीखाली टिकेलच असं नाही. कंपनीचं नाव मी शेवटी ठरवायचं ठेवलं.

आधी मी गाडी काट्यावर नेली. मालाची पावती घेण्यासाठी वजनकाट्यावर आपण नेहमीच जातो, पण तेव्हा पूर्ण गाडीचं वजन होतं. मी काटेवाल्याला सांगून भरलेल्या गाडीची फक्त मागची दोन चाकं काट्यावर घेतली. माल कायद्यात बसेल एवढाच होता, पूर्ण गाडी तीन टनांच्या आत. तरी एकट्या मागच्या चाकांखाली साडेअठराशे किलोच्या वर आकडा आला. म्हणजे एकेका चाकावर सव्वानऊशे किलो, आणि पोती एका बाजूला कलली तर त्या बाजूला आणखी जास्त. ट्रकला मागे जोडचाकं असतात, त्यामुळे एक टायर गेला तरी दुसरा गाडी थोडा वेळ धरतो. पिकअपला मागे दोन्हीकडे एकेकच चाक. तो टायर गेला की हौदा थेट त्या बाजूला बसतो.

हा आकडा कागदावर लिहून मी बिदरला गेलो. दुकानातल्या पोराने माप विचारलं, मी २१५/७५ आर १५ सांगितलं. त्याने लगेच एक टायर पुढे लोटला आणि भावही बरा सांगितला. माप तंतोतंत तेच होतं. पण मापाच्या शेजारी १०० एस लिहिलं होतं. हा १०० म्हणजे ओझ्याचा क्रमांक, त्याचा अर्थ एका टायरवर जास्तीत जास्त ८०० किलो. १०४ असेल तर ९०० किलो, १०६ म्हणजे ९५०, १०८ म्हणजे १,०००. पुढचं अक्षर वेगाचं, एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर. भरलेली पिकअप त्या वेगाने कोण चालवणार? तो टायर होता माणसं वाहणाऱ्या बोलेरो जीपचा. जीपला तेच माप लागतं, आणि जीपमध्ये सात माणसं बसली तरी चाकांवर एवढा भार येत नाही. त्या जागी तो टायर उत्तमच आहे. माझ्या मागच्या चाकाला मात्र तो पहिल्याच खेपेला कमी पडला असता.

दुकानात फिटिंगचं काम करणारे एक वयस्कर चाचा होते. मी काट्याचा आकडा दाखवला तसे ते मालकाला न विचारताच आतून दुसरा टायर घेऊन आले. माप तेच, पण याच्या अंगावर एलटी अशी अक्षरं, आठ प्लाय, आणि ओझ्याचे दोन क्रमांक मधे तिरकी रेघ मारून लिहिलेले. पहिला क्रमांक एकेरी चाकाचा, दुसरा जोडचाकाचा. आपल्याला पहिला बघायचा. तो १०६ च्या वर हवा, हे मी घरूनच ठरवून आलो होतो आणि तो तसा होता. हातात घेतल्याबरोबर वजनातला फरक कळला. चाचा म्हणाले, "मालक, तो टायर बसायच्या गाडीचा, हा ओढायच्या गाडीचा."

मग तारीख बघितली. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२२५ असेल तर २०२५ सालातल्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झालेला माल. कलबुर्गी-बिदरकडचा उन्हाळा कोणाला सांगायला नको, एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो. दुकानाच्या दारात उन्हात दोन उन्हाळे रचून ठेवलेला टायर दिसायला नवा असतो, पण त्याचं रबर कडक होत गेलेलं असतं. चार टायरांपैकी एकाची तारीख जुनी निघाली, तो बदलून मागितला. दुकानदाराने कुरकुर न करता दिला. आयएसआयची खूणही बघून घेतली. ती आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या टायरवर असायलाच हवी.

नक्षीचा प्रश्न जास्त अवघड होता. आपल्या भागात एका दिवसात गाडी तीन तऱ्हेच्या जमिनीवरून जाते. बिदरच्या पठारावर लाल जांभ्याचा मुरूम, तो टायर घासत नेतो. औराद, कमलनगर, भालकी आणि खाली आळंद-अफजलपूरकडे काळी. शहाबाद-चिंचोळीच्या बाजूला फरशीच्या खाणींचा तुकडा, त्या कपच्यांच्या कडा टायरची बाजू चिरतात. या सगळ्यांशिवाय तुरीचं रान. तूर कापली की जे धसकट उभं राहतं ते सुकून खिळ्यासारखं होतं, आणि डिसेंबर-जानेवारीत गाडी रानात घातली की ट्यूबलेस टायरही वाचत नाही.

माझ्या पुतण्याचा आग्रह होता की खोल खाचांचा, मोठ्या गट्ट्यांचा टायर घ्यावा. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसात मांजरा नदीकाठच्या वाटांवर गाड्या रुतून बसल्या, ते त्याच्या डोळ्यांसमोर होतं. पण काळ्या मातीचा चिखल मी लहानपणापासून बघतोय. तो कुठल्याही खाचेत भरून बसतो आणि सुटत नाही. दहा पावलांत खोल नक्षीचा टायरही गुळगुळीत होतो. त्या चिखलात गाडी घालायचीच नसते. पोती बैलगाडीने किंवा ट्रॅक्टरने सडकेपर्यंत आणायची, हेच खरं. उरलेले दहा महिने गाडी हुमनाबादहून सोलापूर-हैदराबाद महामार्गावर किंवा बिदर-कलबुर्गी रस्त्यावर असते. तिथे मोठ्या गट्ट्यांचा टायर आवाज करतो, डिझेल खातो आणि लवकर झिजतो. म्हणून पुढे सरळ रेघांचा आणि मागे मधे रेघा, कडांना मध्यम खाचा असा मिश्र नक्षीचा टायर घेतला.

स्वस्तातले दोन मार्गही समोर होते. एक, जुन्या टायरवर नवं रबर चढवून घेणं. मोठ्या ट्रकना, एसटीच्या गाड्यांना हे सर्रास करतात आणि तिथे ते चालतं, कारण त्यांचे टायर त्यासाठीच बनवलेले असतात, तपासून घेतले जातात आणि मागे जोडचाकं असतात. आपल्या एकेरी चाकाला मी ते कधी लावणार नाही. दुसरा, नायलॉनचा टायर. त्याची बाजू जाड, फरशीच्या कपच्यांना तो चांगला तोंड देतो आणि खाणीवरच्याच गाडीला तो शोभतो. पण लांब पल्ल्याला तो तापतो. रेडियल थंड राहतो आणि जास्त किलोमीटर देतो. दोन्ही एकाच आसावर कधी मिसळायचे नाहीत, हे मात्र प्रत्येक गाडीवाल्याने लक्षात ठेवावं.

पैशाची ओढ असेल तर दोनच नवे टायर घेता येतात. तेव्हा ते कुठे लावायचे यावर आमच्याकडे कायमचा वाद असतो. जुने ड्रायव्हर म्हणतात पुढे, कारण पुढचा फुटला तर स्टेअरिंग हातात राहत नाही. टायर कंपन्या सांगतात मागे, कारण ओल्या रस्त्यावर मागची चाकं घसरली तर गाडी फिरते आणि ती सावरणं सामान्य माणसाच्या हातात नसतं. रिकाम्या पिकअपचं मागचं अंग किती हलकं असतं ते पावसात ब्रेक मारलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. माझं मत मागे लावावेत असंच आहे. आम्ही मात्र या वेळी चारही बदलले आणि जुन्या पुढच्यांतला एक बरा होता तो स्टेपनीला ठेवला.

आता राहिली हवा. आमच्याच गावच्या एका पिकअपचा मागचा टायर एप्रिलच्या भर दुपारी सिमेंट भरलेलं असताना फुटला. माणसं वाचली, पण गाडी महिनाभर उभी राहिली. टायर फार जुना नव्हता. रिकाम्या गाडीला ठेवायची हवा ठेवून भरलेली गाडी पळवली होती. कमी हवेवर टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दुमडते, तापते आणि शेवटी आतून तुटते. हवा सकाळी, गाडी हलवायच्या आधी, थंड टायरमध्ये बघायची. वाटेत टायर तापून दाब चार-सहा पौंडांनी वाढलेला दिसला तर हवा सोडायची नाही, तो थंड झाल्यावर आपोआप उतरतो. कडा झिजल्या तर हवा कमी, मधला पट्टा झिजला तर हवा जास्त, एकच बाजू झिजली तर अलाइनमेंट बिघडलंय. आठवड्यातून एकदा हाताने चाचपलं तरी कळतं.

बिलावर चारही टायरांचे नंबर लिहून घेतले, कारण क्लेमची वेळ आली तर नंबर नसलेलं बिल कामाला येत नाही. नव्या टायरांवर सोयाबीनचा हंगाम झाला, आता तुरीच्या खेपा चालू होतील. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंदच्या सगळ्या पिकअपवाल्यांना माझं सांगणं एवढंच आहे: टायर घ्यायला जाण्यापूर्वी भरल्या गाडीची मागची चाकं एकदा काट्यावर घाला, आलेला आकडा दोनाने भागा, आणि तेवढं ओझं टायरवर लिहिलेलं नसेल तर तो कुठल्याही कंपनीचा आणि कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका.