फुकटचे सात दिवस

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. विषय नव्हता असं नाही. होता, पण सांगायची लाज वाटत होती. आमच्या घरातली निम्मी माणसं हे वाचतात आणि त्यातल्या एकालाही मी ही गोष्ट सांगितलेली नाही. आता सांगून टाकते. बाळा, अर्धं वाचून लगेच फोन करू नकोस. शेवटपर्यंत वाच, मग कर.

तर झालं असं. २०२५ च्या जानेवारीत, ९ तारखेला, मी बँकेत पासबुक भरून आणायला गेले. गुडघ्यामुळे आठ-नऊ महिने जाणं झालं नव्हतं, त्यामुळे मशीन बराच वेळ करकरत होतं. घरी आले, चहा टाकला आणि सवयीप्रमाणे लाल पेन घेऊन पासबुक तपासायला बसले. पेन्शन, लाइट बिल, औषधवाला, भाजीवाली (हो, आमच्या विश्रामबागेतली भाजीवालीही आता कोड स्कॅन करायला लावते), आणि मधेच २९९. पुढच्या पानावर पुन्हा २९९. दर महिन्याच्या १२ तारखेला. मे २०२४ पासून डिसेंबरपर्यंत आठ वेळा. वजाबाकीच्या रकान्यात दोन हजार तीनशे ब्याण्णव रुपये लाल झाले आणि चहा उतू गेला.

आठवायला फार वेळ लागला नाही. माझा नातू टोरंटोजवळ असतो, वय वर्षं सहा. व्हिडिओ कॉलवर "आजी" एवढं म्हणतो आणि मग आईकडे वळून फाडफाड इंग्रजीत काहीतरी सांगतो. दोघं हसतात. मी पण हसते, पण कशाला हसतेय ते मला ठाऊक नसतं. माझं बी.ए. मराठी माध्यमातलं. इंग्रजी पेपर वाचते, अडत नाही. पण त्या पोराच्या वेगाला माझे कान पुरत नाहीत. म्हणून इंग्रजी बोलायला शिकवणारं एक ॲप घेतलं. "सात दिवस फुकट" असं ठळक लिहिलं होतं. शेवटी त्याने यूपीआयचा पिन मागितला. फुकटच्या गोष्टीला पिन कशाला, असं मनात आलं होतं. आलं आणि गेलं. पिन दाबला.

खाली बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं असणार. मी वाचलं नाही. पस्तीस वर्षं मी वर्गात एकच वाक्य ओरडत आले, "आधी प्रश्न नीट वाचा, मग पेन उचला!" आणि मी वाचलं नाही.

ॲप पाच दिवसांतच नकोसं झालं. त्यातली बाई काहीही बोललं तरी "गुड जॉब" म्हणायची. एकदा मला शिंक आली, तिलाही गुड जॉब. चुकीच्या उत्तराला पैकीच्या पैकी देणारी शिक्षिका मला सहन होत नाही. मी ॲप काढून टाकलं. पडद्यावरून चित्र गेलं म्हणजे विषय संपला, अशी माझी समजूत.

कारण आमच्या काळी बंद करणं म्हणजे बंद करणं असायचं. दुधाची एक पिशवी कमी हवी असेल तर रात्री दाराच्या कडीला चिठ्ठी. हे २०१९ मध्ये गेले, त्यानंतर त्यांचा इंग्रजी पेपर तीन महिने येत राहिला. मलाच तो बंद करवत नव्हता. मग एक दिवस पेपरवाल्या पोराला सांगितलं, तो "बरं काकू" म्हणाला आणि दुसऱ्या दिवसापासून दारात एकच पेपर. गणपतीची वर्गणी मागायलासुद्धा मंडळाची पोरं दरवर्षी दारात येतात, पावती फाडतात, कमी दिले तर तोंड वाकडं करतात. पण कपाटात हात घालत नाहीत. इथे मी कपाटाची किल्लीच देऊन बसले होते.

आता लाजेचं कारण. मुलगा पुण्यात. तो दोन वर्षांपासून म्हणतोय, "आई, तुझ्या फोनमधून बँक काढून टाकू. पैशांचं मी बघत जाईन." त्याचं चूक नाही. रोज पेपरात फसवणुकीच्या बातम्या, त्यात म्हातारी माणसंच जास्त. पण मी १९७४ साली पहिला पगार मोजून घेतला, तेव्हापासून माझे पैसे मीच मोजते. ह्यांनीही कधी विचारलं नाही. आणि मुलाची शिकवायची पद्धत अशी, की "दे इकडे" म्हणतो, फोन हातातून घेतो, दोन मिनिटांत काहीतरी करतो आणि "झालं" म्हणून परत देतो. काय झालं ते मला कळत नाही. हे प्रकरण त्याला कळलं असतं तर त्याला पुरावाच मिळाला असता. आणि १२ तारीख तीन दिवसांवर आली होती.

दुसऱ्या दिवशी गणपती पेठेत एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदार माझा जुना विद्यार्थी. नाव सांगत नाही. इतिहासाच्या पेपरात "कारणे द्या" असेल तिथे हा टीप लिहायचा. मी त्याला एकदा सगळ्या वर्गासमोर उभं करून म्हटलं होतं, "तुला वाचताच येत नाही की वाचायचंच नसतं?" त्याच्या दुकानाची पायरी चढताना हे वाक्य नेमकं आठवलं. त्याला आठवत असेल का, हा विचारही मनात आला.

त्याने स्टूल पुढे केलं. ऐकून घेतलं. हसला नाही. म्हणाला, "बाई, ॲप काढलं म्हणजे वर्गणी थांबत नाही. ती तुमच्या खात्यावर असते, फोनवर नसते. फोन विहिरीत टाकला तरी पैसे जाणार." मग मी फोन पुढे केला, तर त्याने दोन्ही हात मागे घेतले. "मी हात लावणार नाही. तुम्हीच करा, मी सांगतो. नीट वाचा बाई, घाई करू नका."

ते शेवटचं वाक्य त्याने माझ्याच सुरात म्हटलं. मुद्दाम की नकळत, देव जाणे.

प्ले स्टोअर उघडलं. वर उजव्या कोपऱ्यात गोलात आपलं अक्षर असतं, ते दाबलं. "पेमेंट आणि सदस्यत्वे", त्यात पुन्हा "सदस्यत्वे". (भाववाचक नामाचं अनेकवचन पाहून पेन शोधायला हात गेला होता. असो.) आत गेले, तर यादी रिकामी! माझा चेहरा पडला. तो म्हणाला, "दुसरा ईमेल आहे का?" होता. पहिला मुलाने काढून दिलेला, दुसरा मी हा ब्लॉग सुरू करताना काढलेला. वर्गणी ज्या ईमेलवरून घेतली, त्याच ईमेलच्या यादीत दिसते. खाते बदललं आणि तिथे ते ॲप सापडलं. नावाखाली पुढच्या हप्त्याची तारीख, १२ जानेवारी.

"सदस्यत्व रद्द करा" दाबलं. त्याने कारण विचारलं. मला चांगली दोन पानी कारणं द्यायची होती, पण तिथे तयार उत्तरांतून एक निवडायचं असतं. निवडलं, पुन्हा एकदा खात्री विचारली, दाबलं. रद्द. पैसे भरले आहेत त्या तारखेपर्यंत ॲप चालू राहतं, पुढचा हप्ता जात नाही. मग त्याने यूपीआयच्या ॲपमध्येही ऑटोपेचं पान उघडायला लावलं. आपण कुणाकुणाला दरमहा पैसे काढायची परवानगी दिलेली आहे, ते तिथे दिसतं, आणि तिथूनही ती काढून घेता येते. ही ऑटोपेची सोय २०२० पासून आहे म्हणे. माझ्या पानावर एवढी एकच परवानगी होती. "म्हणजे तुम्ही बऱ्यापैकी शहाण्या आहात," तो म्हणाला, "माझ्याकडे सात-सात निघालेली माणसं येतात." ज्यांच्याकडे आयफोन आहे त्यांनी सेटिंग्जमध्ये आपल्या नावावर दाबावं, तिथे यादी असते.

मी विचारलं, पैसे जातात तर आधी सांगायला नको का? तर तेही सांगतात! रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे पैसे कापायच्या निदान २४ तास आधी कळवावं लागतं. मी संदेश उघडून पाहिले. दर महिन्याच्या ११ तारखेचा संदेश तिथे होता, आठच्या आठ. कर्जाच्या आणि प्लॉटच्या जाहिरातींमध्ये दबलेले, न उघडलेले. म्हणजे प्रश्नपत्रिका आठ वेळा हातात दिली होती आणि बाईंनी आठही वेळा वाचली नाही. कुणावर चिडायचं?

थोडं चिडायला जागा मात्र आहे. घरी आल्यावर मी त्या ॲपवाल्यांना पत्र लिहिलं, आठ महिन्यांत मी ते एकदाही उघडलेलं नाही, काही पैसे परत द्या. इंग्रजीत नम्र नकार आला. वर "तुम्ही खरंच शिकणं थांबवणार का?" असा ईमेल. शिक्षिकेला हा प्रश्न! नंतर मी शोधून वाचलं, की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा तेरा युक्त्यांवर बंदी घातली आहे. वर्गणी घेणं सोपं आणि सोडणं अवघड करून ठेवणं ही त्यातली एक, आणि नको म्हणणाऱ्याला लाजवणं ही दुसरी. तक्रारीसाठी १९१५ हा फोन नंबर आहे. मी केला नाही. माझ्या बाबतीत सोडणं अवघड नव्हतंच, मला कुठून सोडायचं ते माहीत नव्हतं. पण ज्यांना सोडूच देत नाहीत त्यांनी जरूर करावा.

दुकानात निघताना मी पर्स उघडली. त्याने घेतले नाहीत. मला ते जुनं वाक्य काढून माफी मागायची होती. शब्द जुळवत होते, तेवढ्यात एक कॉलेजची मुलगी फुटलेला फोन घेऊन आली आणि तो तिच्याकडे वळला. मी स्टुलावरून उठले. तो काम करता करताच म्हणाला, "बाई, ११ तारखेला संदेश आला का बघा. नाही आला तर झालं. आला तर परत या."

११ ला दिवसभर फोन जवळ ठेवला. प्लॉटची जाहिरात आली, तीही पूर्ण वाचली. संदेश आला नाही. १२ ला पैसे गेले नाहीत. तरी १३ ला रिक्षा करून पासबुक भरून आणलं, एका ओळीसाठी. मशीनजवळच्या मुलाने विचित्र नजरेने पाहिलं.

त्यानंतर दुकानाच्या बाजूला दोनदा जाणं झालं. एकदा बंद होतं, एकदा आत फार गर्दी होती. तिळगूळ द्यायचे राहूनच गेले. आता संक्रांत नसली तरी नेऊन देणार आहे, आणि जे बोलायचं ते बोलणार आहे.

बाळा, आता कर फोन. बँक माझ्या फोनमध्येच राहील. आणि नातवाशी इंग्रजीचं म्हणशील, तर मी त्याला सांगितलंय, स्लोली बोल. तो बोलतो.