किलो, पाउंड आणि न्यूटन

आमच्या साताऱ्याकडच्या गॅरेजात टॉर्क रेंचला 'टॉर्क पाना' म्हणतात आणि त्यावरच्या आकड्याला नुसतं 'किलो'. "हेडला साडेसात किलो लाव" असं मिस्त्री म्हणाले की कॉन्व्हेंटवाल्या पोरीला आधी भाजी मंडई आठवते! (आम्हाला शाळेत थ्रेड शिकवले, 'आटे' सांगलीला आल्यावर कळले.) पण हिशेब साधा आहे. एक मीटरची दांडी आडवी धरा, टोकाला एक किलोची गुळाची ढेप लटकवा. नटवर जो पीळ बसतो तो एक किलो-मीटर. बोलताना मीटर गळतो, किलो उरतो.

पुस्तकात मात्र न्यूटन-मीटर. एक किलो-मीटर म्हणजे ९.८०६६५ न्यूटन-मीटर. व्हायव्हात ९.८१ म्हणायचं, गॅरेजात सरळ दहाने गुणतात. मला विचाराल तर गॅरेजवाले बरोबर आहेत. फरक दोन टक्क्यांचा, आणि चांगल्या क्लिकवाल्या पान्यालाही चार टक्के इकडे-तिकडे माफ असतात. शेतात तरी काय वेगळं? सातबाऱ्यावर हेक्टर-आर, बोलणं गुंठ्यात. आर १०० चौरस मीटरचा, गुंठा साधारण १०१ चा. कुणाचं काही अडत नाही.

अडतं ते पाउंड-फुटापाशी. एक पाउंड-फूट म्हणजे १.३५६ न्यूटन-मीटर. हा आकडा मोठा लबाड आहे. किलोच्या जागी न्यूटन धरला तर दहापट चूक होते, नट हातानेच सांगतो की काहीतरी बिघडलंय. दोन टक्क्यांची चूक इंजिन पोटात घालतं. पण ही मधली छत्तीस टक्क्यांची चूक हाताला कळत नाही, आणि इंजिनाला मात्र कळते.

मामाच्या विहिरीवर जुनं डिझेल इंजिन आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याचं हेड गॅस्केट बदललं. जुन्या पुस्तिकेत आकडा ५५, पाउंड-फुटात. गॅरेजातल्या नव्या पोराचा पाना न्यूटन-मीटरचा. त्याने ५५ वर लावला, पान्याने 'कट्' केलं, पोरगं खूश. लागायला हवे होते ७५! आठव्या दिवशी गॅस्केट उडालं. लाइट रात्रीची, दिवसा इंजिन बंद, ऊस वाळतोय. "पुस्तकात आहे तेच लावलं," पोरगं म्हणालं, आणि ते खोटंही नव्हतं. मामा चिडले, पण दुसऱ्या गॅस्केटचे पैसे त्यांनाच भरावे लागले. पोराच्या पगारातून कापू नका, एवढंच त्यांनी मालकाला बजावलं. मला मामांचं ते फार आवडलं.

पोराला नावं ठेवायच्या आधी नासाकडे बघा. २३ सप्टेंबर १९९९ ला त्यांचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळापाशी गेलं ते गेलंच. एका सॉफ्टवेअरने आकडे पाउंड-सेकंदात दिले, दुसऱ्याने न्यूटन-सेकंद समजून घेतले. तिथे तर साडेचार पटीची तफावत होती आणि तपासायला डिग्रीवाल्यांची फौज!

आपल्याकडे मेट्रिक वजनं १९५८ पासून आली. तरी सराफ कट्ट्यावर 'तोळा' चालूच आहे, फक्त ११.६६ ग्रॅमचा तोळा गुपचूप दहाचा झाला. शब्द तोच, माप बदललं. पाना हातात घेताना असंच होतं, आकडा दिसतो आणि त्याच्या शेजारची बारीक अक्षरं कुणी वाचत नाही.

हॉस्टेलमधल्या बुलेटवाल्यांसाठी तोंडी हिशेब: पाउंड-फुटात त्याचाच तिसरा हिस्सा मिळवा, वर चिमूटभर. ६० चे ८०, नि वर एक. नीट केलं तर ८१.३ येतात. आकड्यापुढे 'इंच' दिसलं तर आधी बाराने भागा. आणि आटे कोरडे हवेत की तेल लावून, तेही पुस्तिकेत बघा, कारण तेलकट बोल्ट त्याच आकड्याला जास्त ताणला जातो.

मामांच्या पुस्तिकेवर आता ५५ च्या शेजारी लाल पेनने तीन आकडे आहेत. पहिला 'किलो'चा, कारण मिस्त्री म्हणाले, बाकीचे दोन तू वाच.