नांगर आणि खिडकी

‘अँकराइट’ हा इंग्रजी शब्द पहिल्यांदा वाचला, तेव्हा मला त्यात नांगरच दिसला. स्पेलिंगची पहिली सहा अक्षरं जहाजाच्या नांगराचीच: ए, एन, सी, एच, ओ, आर. अर्थ मात्र निराळा निघाला. देवासाठी जगापासून कायमचा दूर झालेला माणूस. शब्द मूळचा ग्रीक, ‘मागे सरणं’ या क्रियापदातून आलेला. रोमन अमलातल्या इजिप्तमध्ये करापायी गाव सोडून पळणाऱ्या शेतकऱ्यांच्या पलायनालाही याच कुळातला शब्द होता.

म्हणजे नांगराशी नातं काहीच नाही. उलट तो ‘एच’ एकांतवाशाच्या हक्काचा. नांगराला तो लॅटिनमधल्या चुकीच्या लेखनातून चिकटला. तरी ही चूक मला फार जवळची वाटते. तेराव्या शतकात अशा एकांतवासी बायकांसाठी लिहिलेल्या ‘अँक्रेन विस’ या ग्रंथानेही तीच सांगड घातली: जहाजाखाली नांगर, तशी चर्चच्या आडोशाला ही बाई.

आमच्या कोकणात होडी नांगरलेली कुणीही पाहिली असेल. ती थांबते, पण निश्चल होत नाही. लाटेसरशी दोर ताणतो, सैल पडतो, पुन्हा ताणतो.

इंग्लंडमधल्या नॉरिचच्या ज्युलियनचं, अशाच एका एकांतवासी बाईचं, जगणं मला तसंच दिसतं. मे 1373 मध्ये, तिशीत, मरणाच्या दारात असताना तिला साक्षात्कार झाले. पुढे ती सेंट ज्युलियन चर्चला लागून असलेल्या कोठडीत राहिली आणि त्या साक्षात्कारांवर वर्षानुवर्षं विचार करत लिहीत गेली. एका बाईने इंग्रजीत लिहिलेलं, आज हाती असलेलं सर्वांत जुनं पुस्तक तिचं आहे. अशा बायकांना मांजर पाळायची मुभा होती, बाकी जनावराची नाही. बाहेरच्या जगाकडे एक खिडकी असे. तिला काळा पडदा, त्यावर पांढरा क्रूस.

मी अडकते ती या खिडकीपाशी. 1413 च्या सुमारास मार्जरी केंप ज्युलियनला भेटायला आली. चौदा मुलांची आई, गावोगाव हिंडणारी, देवाच्या नावाने भर लोकांत हुंदके देऊन रडणारी. आपल्याला होतात ते साक्षात्कार खरे की फसवे, हे तिला विचारायचं होतं. आत कायमची थांबलेली बाई, बाहेर कुठेच न थांबणारी. दोघींचं बोलणं बरेच दिवस चाललं होतं.