श्रीरामपूरचे विद्यालय

हावड्याहून सुटलेली लोकल श्रीरामपुरास पोहोचेपर्यंत दोन्ही बाजूंस तागाच्या गिरण्या आणि दाटीवाटीची वस्ती इतकी पाहून होते की, या गावी सरस्वतीचे एखादे पुरातन पीठ असेल, असे प्रवाशाच्या मनातही येऊ नये. परंतु बाजारपेठ ओलांडून आपण हुगळीच्या काठाशी आलो की, सेंट ओलाव्हच्या प्रार्थनामंदिराचा मनोरा दिसू लागतो आणि 1755 पासून 1845 पर्यंत येथे डेन्मार्कच्या राजाचा अंमल होता, याची साक्ष पटते. पुढे हे गाव आणि दक्षिणेतील त्रांकेबार मिळून साडेबारा लाख रुपयांस इंग्रजांना विकले गेले; राज्ये अशीही हस्तांतरित होतात!

कंपनी सरकार आपल्या मुलखात मिशनऱ्यांना थारा देण्यास नाखूश, म्हणून 1800 साली केरी, मार्शमन आणि वॉर्ड या त्रयीने डॅनिश निशाणाखाली आश्रय घेतला, छापखाना घातला आणि 1818 मध्ये हे विद्यालय स्थापिले. नदीकडे तोंड करून उभी असलेली त्याची मुख्य इमारत उंच आयोनिक स्तंभांमुळे भारदस्त दिसते. आत शिरताच बिडाचा जिना लागतो, त्याच्या जाळीदार पायऱ्यांवर पाऊल टाकले की लोखंड हलकेच वाजते. पैलतीरी बराकपूर, म्हणजे गव्हर्नर जनरलचे उद्यानगृह. ज्यांना कंपनीने दूर ठेवू पाहिले, ते तिच्या नजरेसमोरच बस्तान मांडून बसले, यातली गंमत मला फार आवडली. 1827 साली डेन्मार्कच्या राजाने पदव्या देण्याची सनद दिली खरी, पण पहिल्या पदव्या प्रदान होण्यास 1915 साल उजाडावे लागले.

मराठी माणसाने मात्र येथे अधिक रेंगाळावे. फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली व संस्कृताबरोबर मराठीही शिकविणाऱ्या केरीने वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने सिद्ध केलेले मराठी व्याकरण 1805 मध्ये, आणि मोडी अक्षरांतील कोश 1810 मध्ये, याच गावी छापला गेला. पेशवाई अद्याप नांदत होती, तेव्हा आपल्या भाषेचे खिळे बंगालातील कारागीर जुळवीत होते. श्रेय बव्हंशी केरीच्या नावे जमा झाले. वैजनाथांचे ऋण मात्र आपण पुरेसे मानले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

दक्षिणेश्वर-बेलूर करून परतणाऱ्यांनी अर्धा दिवस श्रीरामपुरासाठी राखावा. केरी ग्रंथालय पाहावयाचे असल्यास आगाऊ परवानगी मागवून ठेवावी.