एकोडीच्या वाटेवर डोमिनार

भंडाऱ्याहून साकोलीपर्यंत राष्ट्रीय महामार्ग ५३वर नवी डोमिनार ४०० मजेत पळाली. ३७३ सीसीचे इंजिन सहाव्या गिअरमध्ये दमतच नाही. एकोडीकडे वळलो आणि चाल बदलली. दोन्हीकडे धानाच्या बांध्या, समोर बैलबंडी, मध्येच शेळ्या. इथे गाडीचा वेग नव्हे, ब्रेक पाहावा; दोन्ही चाकांना डिस्क आहेत. वजन मात्र पावणेदोनशे किलोंच्या वर, चिखलात पाय टेकताच कळते.

मागे बसताना बेगमने बुरख्याचा घेर नीट आवरून घेतला होता. कपडा अडकू नये म्हणून मागचे चाक निम्मे तरी झाकलेले असावे, असा मोटार वाहन नियमच आहे. तरी शोभेपायी पोरं साडी गार्ड काढून टाकतात!

एकोडीत चहाला थांबलो. पोरं जमली, “सर, किती पळते?” आम्ही आधी साडी गार्ड दाखवले.